चाटून-पुसून : शाळेत मुलांना जेवू घालणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, मुख्याध्यापकांनो आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या नातीच्या मोज्यात भेंडी सापडली. नात पुण्यात असते, पहिलीत आहे. सून मशीनला कपडे लावताना मोजा उलटा करायला गेली, तर आत सात-आठ चिकट तुकडे. नात आधी काही बोलेचना. मग रडत रडत सांगितलं. वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. ज्याचा डबा रिकामा, त्याच्या नावापुढं चांदणी. ज्याचा डबा उरला, त्यानं सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत उभं राहायचं. त्या आठवड्यात तिला पाच चांदण्या मिळाल्या होत्या. त्यातल्या दोन मोज्याच्या.

घरात सगळे हसले. मला हसू येईना, कारण तो तक्ता माझ्या ओळखीचा आहे. माझ्या वर्गात तो भिंतीवर नव्हता, माझ्या तोंडात होता.

मी १९८८ ते २०२२ अशी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली बहुतेक माण तालुक्यात. म्हणून हे पत्र मी बाहेरून कुणी शहाणी लिहितेय असं समजू नका. जे केलं ते मी केलंय, आणि तुमच्यातलेही बरेच जण रोज दुपारी करत असणार.

आधी माझ्या ताटाचं सांगते. माझा जन्म १९६४चा. म्हणजे १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची, तिसरीत. आई पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला जायची. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेनं तुटायची, रंग विटेचा, आणि गार झाली की चामडं. मला ती गिळवत नसे. आई ओरडत नसे, मारतही नसे. ती स्वतः न जेवता नुसती माझ्या ताटाकडं बघत बसायची. त्या बघण्यापुढं मी एकेक घास पाण्याबरोबर खाली ढकलायची. शाळेत सुकडी मिळायची. ती मात्र आम्ही परकराच्या ओच्यात घेऊन चिमूट चिमूट खायचो, लवकर संपू नये म्हणून.

त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आजही घरात ज्वारीची दोन पोती भरलेली असल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागत नाही. फ्रिजमध्ये झाकलेल्या वाट्यांची रांग असते : चमचाभर आमटी, पाव वाटी भात, कुणीतरी टाकलेला पोळीचा चतकोर. लग्नात शेजारणीच्या पानात अख्खी जिलेबी उरलेली दिसली की माझा जीव खालवर होतो. मुलांचं उष्टं मीच संपवलं, आता नातवंडांचं संपवते. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रोज काय काय खाता? मी म्हटलं, मी फार काही खात नाही, उरलेलं संपवते. त्यांना तो विनोद वाटला.

आईला मी दोष देत नाही. घरात दुसरं काही नव्हतंच. पण चाटून-पुसून खाण्याचा तो नियम भुकेच्या वर्षाचा होता. मी तो जसाच्या तसा उचलला आणि तीस-पस्तीस वर्षांनी, भरल्या पातेल्यापुढं बसलेल्या दुसऱ्यांच्या पोरांना लावला.

तरुण शिक्षकांना कदाचित ठाऊक नसेल, १५ ऑगस्ट १९९५ला पोषण आहाराची योजना आली तेव्हा आम्ही शाळेत शिजवत नव्हतो. ज्याची हजेरी ऐंशी टक्के, त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ. आया पिशव्या घेऊन रांगेत उभ्या. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या पोटात जायचा, आणि कुणाच्या ताटात काय उरलं हे बघायला बाई नसायची. मग नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, आणि पुढं आमच्या व्हरांड्याच्या टोकाला चूल पेटली. त्या चुलीचं मोल मला कुणी सांगायला नको. सोमवारी आमच्याकडं खिचडी हमखास कमी पडायची. शनिवारी दुपारपासून काही पोरांच्या पोटात धड काही गेलेलं नसायचं, ते असं मोजता यायचं. ऊसतोडीला आईबाप गेलेली, आजीपाशी राहिलेली पोरं तर दोनदा-तीनदा मागायची. त्यांना कधी कुणी आग्रह करावा लागला नाही.

आग्रह व्हायचा तो दुसऱ्या पोरांना.

२००५ सालची गोष्ट. तिसरीतला एक मुलगा, शांत, गणितात चांगला. वाटाण्याचा भात असला की खाली मान घालून बसायचा. म्हणायचा, “बाई, वास येतो.” एके दिवशी माझं डोकं फिरलं. मिलोची भाकरी, सुकडी, सगळा दुष्काळ त्याला ऐकवला आणि सांगितलं, ताटली रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही. बाकीची पोरं जेवून खेळायला गेली, घंटा झाली, परत येऊन बसली, तरी तो तसाच. मी त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसले. चाळीस पोरं बघतायत. शेवटी त्यानं डोळे मिटून चार घास तोंडात कोंबले आणि ओकला. दोन्ही हातांची ओंजळ करून त्या ओंजळीत ओकला. खाली सांडलं तर बाई रागावतील म्हणून.

ती ओंजळ मी विसरलेले नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. वाटलं, नाटकं करतोय. जागी झाले ती वर्षअखेरीला, हजेरीपट पुरा करताना. वाटाण्याचा वार आमच्याकडं गुरुवार. त्याच्या नावापुढं गुरुवारचे खाडे ओळीनं उभे होते.

निवृत्तीच्या आधी त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नाला गेले होते. पंगतीत तो माझ्या समोरच बसला. वाढपी उसळीची बादली घेऊन आला तसा यानं ताटावर हात आडवा धरला आणि हसत मला विचारलं, “बाई, आज चालतंय ना?” आसपासचे हसले. त्याच्या बायकोनं सांगितलं, यांच्यामुळं आमच्या घरात वाटाणा येतच नाही, मी माहेरी जाऊन खाते. त्याची मुलगी शेजारी बसली होती, चारेक वर्षांची. तिच्याही ताटात उसळ नव्हती.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. २००२ साली छापून आलेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे. कॉलेजात शिकणाऱ्या चारशेहून थोड्या जास्त मुलामुलींना विचारलं होतं, लहानपणी तुम्हाला कुणी बळजबरीनं काही खायला लावलं होतं का? ६९ टक्के हो म्हणाले. त्यांतल्या ७२ टक्क्यांनी सांगितलं, तो पदार्थ आम्ही आजही आपणहून खाणार नाही. खायला लावलं कशासाठी होतं? खायची सवय लागावी म्हणून! दुसरा अभ्यास २००६चा, बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा. दोन प्रकारची सुपं. एका सुपाच्या वेळी मोठ्यांनी मधूनमधून म्हणायचं, “सूप संपव बघू.” दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलायचं नाही. न बोलता दिलेलं सूप मुलांनी जास्त घेतलं, आणि “संपव” म्हटलेल्या सुपाबद्दल कुरकुर जास्त केली. मारणं नाही, ओरडणं नाही, नुसतं “संपव बघू” म्हणणं. एवढ्यानंही घास मागं सरतो.

आणि पोटात ढवळलं तर मग संपलंच. १९५५ मध्ये जॉन गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांवर हे दाखवलं होतं : एखाद्या चवीनंतर मळमळ झाली की प्राणी ती चव टाळायला लागतो. पाढे पाठ व्हायला पन्नास वेळा म्हणावे लागतात, हा धडा एकदाच पुरतो. विषारी काही पोटात गेलं तर पुन्हा जाऊ नये, म्हणून शरीरानं केलेली ही सोय. त्या मुलाच्या शरीरानं वाटाण्यावर फुली मारली, ती अशी. तो नाटकं करत नव्हता.

माझ्या शाळेत हे सगळं एका बाईला न वाचताच कळलेलं होतं. आमच्या स्वयंपाकीण मावशी. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिन्याला १५०० रुपये मानधन मिळत होतं, एवढ्या पैशात त्या शंभरावर पोरांचं रांधायच्या. मावशी पहिल्यांदा कधी पूर्ण डाव वाढायच्या नाहीत. अर्धाच. मी म्हणायचे, मावशी, माप आहे, भरून वाढा. त्या म्हणायच्या, “मागू द्या की बाई. मागून घेतलेलं टाकत न्हाईत.” आणि खरंच, मी रजेवर असले की ताटल्या धुवायच्या नळाखाली शितंसुद्धा कमी सांडलेली असायची, हे मला दुसऱ्या बाईंनी सांगितलं. मला तेव्हा ते लागलं होतं.

मापाचं बोलायला हवं, कारण बळजबरी करणारे बरेच शिक्षक मनानं दुष्ट नसतात, ते मापाला घाबरलेले असतात. पहिली ते पाचवीला रोज दरडोई १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. हे आपल्याला पाठ असतं. पण पहिलीतलं सहा वर्षांचं पोर आणि पाचवीतलं दहा-अकरा वर्षांचं पोर एकाच मापात बसवलंय, हे लक्षात घ्या. शंभर ग्रॅम तांदळाचा शिजून होणारा भात पहिलीतल्या किरकोळ अंगाच्या पोरीपुढं ठेवून बघा एकदा. ते माप माल उचलायचं आहे, शाळेत येणाऱ्या धान्याला कुणी पाय फोडू नयेत म्हणून आहे. प्रत्येक पोटानं रोज तेवढं भरलंच पाहिजे, असं कुठल्याही शासन निर्णयात म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. पहिलीतली उरवते, पाचवीतला दोनदा घेतो, पातेलं बरोबर रिकामं होतं. मावशींचा हिशोब हाच होता.

तपासणीला येणाऱ्या पोषण आहार अधीक्षकांना आणि केंद्रप्रमुखांनाही म्हणूनच विनंती. वाढण्याआधी अन्न चाखल्याची चव नोंदवही बघता, साठा बघता, ते बघाच. पण ताटल्यांतलं उरलेलं बघून शिक्षकाला टाकून बोलू नका. तुम्ही शिक्षकाला बोलला की तो ते पोराला बोलतो.

आणखी एक नियम माझ्या शाळेत होता आणि तो मी फार निष्ठेनं पाळला : इथलं इथंच संपवायचं, घरी न्यायचं नाही. कारणं योग्य होती. उन्हाळ्यात खिचडी आंबते, विषबाधा झाली तर जबाबदारी शाळेची. चौथीतली एक मुलगी मात्र रोज दोन घास कमी खायची आणि कंपासपेटीत भात भरायची. पेटीतला कर्कटक नि पेन्सिली दप्तरात मोकळ्या. पकडली तेव्हा म्हणाली, “धाकट्याला.” धाकटा अडीच वर्षांचा, अंगणवाडीत नाव होतं, पण वाडीवरून तीन किलोमीटर कोण आणणार? त्या दिवशी मी तिला माझ्यासमोर सगळं संपवायला लावलं. नियम म्हणजे नियम. आज ती कुठं आहे मला माहीत नाही. भाताचा घास घेताना तिला काय आठवत असेल, हेही माहीत नाही. मला आठवतं.

पूरक आहाराचंही सांगते. आठवड्यातून एकदा कधी केळी यायची, कधी बिस्किटं, कधी अंडी. अंड्याच्या दिवशी आम्ही सोयीसाठी दोन रांगा करायचो. अंडंवाले इकडं, केळंवाले तिकडं. आम्हाला ती सोय. पोरांना मात्र त्या रांगांत कोण कुणाचं ते वाचता यायचं, गावात राहतात ती. दुसरीतला एक पोरगा, घरी कोंबड्या, अंडं मिटक्या मारत खाणारा, महिन्याभरात केळ्याच्या रांगेत दिसू लागला. विचारलं तर म्हणाला, “घरी खातो. हितं नको.” सात वर्षांच्या पोराला स्वतःच्या घरच्या जेवणाची लाज शिकवायला आम्हाला एक शब्द बोलावा लागला नाही, खडूची एक रेघ पुरली. (२०२३च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. मला विचाराल तर अंडं असायला हवं. पण ज्या शाळांत लोकवर्गणीतून अजून मिळतं, तिथं रांग एकच करा. परात पुढं आली की ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं.)

शहरातल्या शाळांची तऱ्हा वेगळी, गाठ तीच. तिथं डब्याचं वेळापत्रक येतं. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी अमुक, आणि “उग्र वासाचे पदार्थ पाठवू नयेत.” उग्र म्हणजे काय हे कुणी लिहीत नाही, पण सुकट-बोंबील म्हणायचंय हे सगळ्यांना कळतं. लसणाची चटणीही त्यात येते म्हणे. माझ्या बहिणीचा नातू मुंबईत असतो. त्याच्या डब्यातल्या जवळ्याच्या कालवणाला बाकावरच्या पोरांनी नाकं मुरडली, आणि बाईंनी त्यांना काही म्हणायच्या ऐवजी घरी चिठ्ठी पाठवली. आता तो घरीसुद्धा माशाला हात लावत नाही. बहीण आमची अलिबागकडची झालेली, लग्नानंतर. तिला काय वाटत असेल!

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग पोरांनी अन्न टाकायचं का? खुशाल चिप्स खायचे का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, आणि माझ्यासारखीला तो सोपा नाही. उष्ट्याचा ढीग बघून आजही माझ्या पोटात कालवतं. पण चौतीस वर्षं डोळ्यांपुढं आणली तर एक दिसतं : टाकणं थांबवायची जागा वाढणाऱ्याच्या हातात आहे. काय शिजवायचं, कधी द्यायचं, समोर काय ठेवायचं, हे मोठ्यांनी ठरवावं, तिथं पोरांचं ऐकू नये. चिप्स शाळेत नकोत म्हणजे नकोतच. पण समोर ठेवलेल्यातलं किती खायचं आणि आज वाटाणा खायचा की नाही, हे त्या पोटावर सोडावं. नवी चव एकदम रुळत नाही, आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, चिमूटभर, न बोलता. पंधरा गुरुवार म्हणजे जेमतेम चार महिने. त्या मुलाला मी ते दिले असते तर कदाचित तो वाटाणा खायला शिकला असता. कदाचित नसताही. न खाल्ल्यानं त्याचं काय बिघडलं असतं? मूग होता, मटकी होती, चवळी होती, ती तो खात होताच.

आणि बक्षिसं तेवढी आवरा. चांदण्या, टाळ्या, “भाजी संपव, मग चॉकलेट”. भाजीच्या बदल्यात चॉकलेट मिळत असेल तर पोर एवढंच शिकतं की चॉकलेट मौल्यवान आणि भाजी म्हणजे त्यासाठी भरायचा दंड. हे घरोघरी चालतं. मीही मुलांना गुळाचा खडा दाखवून कारलं भरवलंय. माझी दोन्ही मुलं आज कारलं खात नाहीत आणि गुळाची ढेप मात्र आठवड्यात उडवतात.

शिक्षकांनी पोरांबरोबर जेवावं, ही माझी सगळ्यात आवडती सूचना. चव नोंदवहीपुरता चमचाभर नव्हे, खाली बसून, त्यांच्या पंगतीत, त्याच खिचडीची ताटली घेऊन. शेवटची सहा-सात वर्षं मी ते केलं. मी समोर खुर्चीवर बसले असते तर पोरांनी माझ्याकडं बघत घास मोजले असते. शेजारी बसले तर ती त्यांच्या शेरडाकरडांच्या गोष्टी सांगायची आणि सांगता सांगता ताटली संपलेली असायची. हुलग्याचं माडगं न आवडणारी मी एकटीच नाही, हे मला तिथंच कळलं.

नातीच्या शाळेत येत्या शनिवारी पालकसभा आहे. मुलाला सुट्टी नाही, म्हणून सुनेबरोबर मी जाणार आहे. तक्ता लावणाऱ्या बाई तरुण आहेत, पहिलीच नोकरी आहे, पोरांवर जीव आहे त्यांचा असं नात सांगते. त्यांना माझ्या ओंजळीची गोष्ट सांगेन म्हणते. सून म्हणाली, “आई, जरा हळू बोला हं.”

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा